रविवारी बळवंतरावांकडे

"मी नाही येत भोपाळला," बळवंत म्हणाला, आणि लक्ष्मीकांताच्या हातातली ट्रंक सुटून त्याच्याच अंगठ्यावर पडली.

तसं त्या दिवसांत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या निम्म्या घरांत कुणाच्या ना कुणाच्या अंगठ्यावर ट्रंका पडतच होत्या. मध्यभारत नावाचं राज्य, ज्याच्या पाट्यांचा रंग अजून धड वाळलाही नव्हता, ते एका सकाळी संपलं आणि मध्यप्रदेश सुरू झाला. राजधानी भोपाळ. सहा महिने इंदूर आणि सहा महिने ग्वाल्हेर अशी राजधानीची ओढाताण सोसून आधीच मेटाकुटीला आलेल्या कारकुनांना आता कायमचं बिऱ्हाड हलवायचा हुकूम आला होता. लक्ष्मीकांत त्यातलाच एक. सरकारनं बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की फाइल काखेत मारून उठायचं. घरात मात्र आपण म्हणू ती पूर्व दिशा, असं त्याला मनापासून वाटे. ती दिशा कुठली, ते त्याची बायको पद्मा आधीच ठरवून ठेवी.

"नाही येत म्हणजे?" अंगठा धरून लक्ष्मीकांत ओरडला.

"तू जा. वहिनी जाईल. मी नाही. माझी खोली आहे. शांताताईंकडे, मागची. मी विचारलं त्यांना."

हा बळवंत म्हणजे लक्ष्मीकांताचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर याच्याच अंगाखांद्यावर वाढलेला आणि आता एकविसात पडलेला. त्याची बुद्धी जन्मापासून स्वतःच्या चालीनं चाले. बोलताना शब्द एकेक करून येत. इयत्ता तिसरीनं त्याला आणि त्यानं तिसरीला दोन-तीनदा बघून घेतलं आणि शेवटी दोघांनी सलोख्यानं फारकत घेतली. गिनती विसाच्या पुढे गेली की सगळं 'खूप'. मोहल्ल्यातले लोक त्याला भोळा म्हणत. ज्यांना याहून वाईट म्हणायचं असे ते पाठीमागे म्हणत, आणि पाठीमागचं त्याला चांगलं ऐकू येई.

पण बसून खात नव्हता हो तो! शिंदे की छावनी या मोहल्ल्यात शांताताईंचं पत्रावळींचं दुकान होतं, तिथं तो पानं टाचायच्या कामाला होता. शिवाय लष्करातल्या कुठल्याही मराठी घरात लग्नमुंज निघाली की अक्षत द्यायला बळवंत. कुंकवात माखलेल्या तांदळाची वाटी घेऊन दारोदार जायचं, चार दाणे हातावर ठेवायचे आणि 'अमक्यांकडे कार्य आहे, सगळ्यांनी यायचं' म्हणायचं. हे काम वडिलांनी त्याला हाताला धरून शिकवलं होतं. पहिली अक्षत गणपतीला, मग एकही दार चुकवायचं नाही, दार चुकलं की माणूस दुखावतो. लष्करात माणसं दुखावण्यात तशी तरबेज आहेत, पण बळवंताच्या हातून कुणी दुखावल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं.

शांताताईंच्या मागच्या खोलीतला भाडेकरू सरकारी कारकून. तोही भोपाळला चालला. खोली रिकामी झाली आणि बळवंतानं कुणाला न विचारता ती मागून टाकली. शांताताई म्हणाल्या, "राहा रे बाबा, मलाही सोबत होईल." बस, एवढंच झालं होतं. पण आपल्याकडे एवढ्यावर कधी भागलंय?

दुसऱ्या दिवशी मधुसूदनकाका आले. हे वडिलांचे धाकटे भाऊ. महाराजांच्या वेळी कुठल्याशा खात्यात होते. खातं विलीन झालं, काकांचा रुबाब तेवढा विलीन व्हायला तयार नव्हता.

"हे काय ऐकतोय मी?" काका उंबऱ्यातूनच गरजले. "एकटा राहणार? हा? अरे, याला चुलीतलं लाकूड कुठलं आणि हात कुठला ते कळत नाही. लोक काय म्हणतील, लक्ष्मीकांत? की भावाला टाकून चालला गेला! माझ्याकडे ठेव. विहिरीचं पाणी भरेल, गाईचं बघेल, ओसरीवर पडून राहील बिचारा."

बिचारा कोपऱ्यात बसून पत्रावळी टाचत होता. त्यानं मान वर केली. "मी नाही येत," तो काकांना म्हणाला. त्या आठवड्यात त्याचं हे वाक्य फार पक्कं झालं होतं.

"बघ, अक्कल!" काका म्हणाले. "आणि तुला सांगतो, लक्ष्मीकांत, तुझ्यानं झेपत नाही हे कबूल कर. दादाचा मुलगा शेवटी बायकोच्या सांगण्यावरून—"

आता खरं म्हणजे लक्ष्मीकांत सकाळपासून बळवंताला हेच समजावत होता, की एकटं राहणं तुझं काम नव्हे, भोपाळला चल. पण काकांच्या तोंडून तेच ऐकल्यावर त्याच्या डोक्यात काय भडकलं देव जाणे. ज्या माणसानं काकांपुढे आजवर पायही लांब केले नव्हते, तो ताडकन उठला. "राहील तो एकटा! बिलकुल राहील! बघाच तुम्ही!"

काका गेले आणि लक्ष्मीकांत मटकन खाली बसला. "पद्मा, काय बोललो गं मी हे?"

"आयुष्यात पहिल्यांदा बरं बोललात," पद्मा म्हणाली. "आता निभवा."

निभवायचं म्हणजे शिकवायचं. आणि शिकवायला अख्खा मोहल्ला तयार! शेजारचे जगदेवराव शिंद्यांच्या फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. फौज गेली पण त्यांच्या मिशा अजून ड्यूटीवर होत्या. ते म्हणाले, "लक्ष्मीकांतबाबू, मुलाला शिस्त हवी. पहाटे उठव, दौड लाव. घर सांभाळणं म्हणजे किल्ला सांभाळणं." दोन दिवस त्यांनी बळवंताला गल्लीतून दौडवलं. तिसऱ्या दिवशी जगदेवरावांचीच कंबर धरली आणि बळवंत त्यांच्या पाठीला तेल चोळायला गेला. पलीकडच्या घरातून सल्ला आला की खोलीला बाहेरून कुलूप लावावं, किल्ली शांताताईंकडे ठेवावी. त्याच्याही पलीकडून सल्ला आला की आधी याचं लग्न करून द्या, बायको बघेल. पद्मा म्हणाली, "म्हणजे किल्लीचं काम बायकोनं करायचं!" आणि तो सल्ला तिथंच मिटला.

शेगडी पेटवायला शिकवण्याचं काम लक्ष्मीकांतानं स्वतःकडे घेतलं. हा गृहस्थ जन्मात कधी शेगडीच्या वाटेला गेला नव्हता, पण थोरलेपण म्हणून काही चीज असते की नाही? अंगणात पाट मांडून त्यानं व्याख्यान सुरू केलं. हवा म्हणजे काय, कोळसा म्हणजे काय, जाळ म्हणजे काय. मग घासलेटाची बाटली जरा सढळ हातानं ओतली आणि काडी लावली. भडका उडाला. डाव्या बाजूची मिशी निम्मी गेली, ती सारखी करायला उजवीकडची भादरावी लागली, आणि ऑफिसात पुढे आठवडाभर लोक "घरात काही वाईट तर नाही ना घडलं?" म्हणून विचारत राहिले.

बळवंत इतका हसला की पोट धरून खाली बसला. मग चहा ठेवू म्हणाला, आणि ठेवला. साखर विसरला. सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

एवढं सगळं होतंय तोवर सरकार जागं झालं. त्या काळी जागा रिकामी झाली की मकानमालकानं सरकारी दफ्तरात कळवायचं आणि ती कुणाला द्यायची ते दफ्तरानं ठरवायचं. शांताताईंनी इमानेइतबारे कळवलं. म्हणून लक्ष्मीकांत बळवंताला घेऊन दफ्तरात गेला. तिथं निम्मी कपाटं खोक्यांत, खोकी दोरखंडांत आणि चपराशी खोक्यांवर. मधोमध एका टेबलाशी भदौरिया बाबू बसले होते, जणू पूर येऊन गेल्यावर मागं राहिलेलं एकच झाड.

"देखिए पंडितजी," भदौरिया म्हणाले, "मध्यभारत की मोहर अब चलती नहीं. मध्यप्रदेश की मोहर अभी आई नहीं. फ़िलहाल समझ लीजिए, आप कहीं नहीं हैं."

वीस वर्षं इमानेइतबारे नोकरी करून आपण कुठेच नाही, हे लक्ष्मीकांताच्या जिव्हारी लागलं. तो म्हणाला, "पर भाईसाहब, हम यहीं खड़े हैं!"

"खड़े रहिए. और एक बात. कमरा कुनबे के, यानी परिवार के, मुखिया को मिलता है." त्यांनी बळवंताकडे पाहिलं. "ये मुखिया हैं?"

"हाँ," बळवंत म्हणाला.

"कितने लोग हैं कुनबे में?"

"एक."

भदौरिया बाबूंनी चष्मा काढून पुसला. मग जरा खालच्या आवाजात लक्ष्मीकांताला म्हणाले, "इनके चाचाजी आए थे. कह गए हैं, लड़का कमज़ोर दिमाग़ का है, आग लगा देगा." इथं त्यांची नजर लक्ष्मीकांताच्या मिशांवरून फिरली. "मैं इतवार को ख़ुद आकर देखूँगा. घर जैसा घर लगा, तो इनका. नहीं तो कमरा किसी और को. बहुत लोग लाइन में हैं."

काकांनी मजल इथवर मारली होती! घरी येईपर्यंत लक्ष्मीकांत हिशोब मांडत होता. खोली गेली तर उरलं काय? भोपाळ, नाहीतर काकांची ओसरी. आणि भोपाळला बळवंत येणार नाही म्हणजे येणार नाही. आता लक्ष्मीकांताला भीती खोली मिळण्याची नव्हती, न मिळण्याची होती.

पद्मानं तोड काढली. "रविवारीच त्या खोलीत छोटीशी पूजा करू. चूल पेटलेली असेल, देव मांडलेले असतील, बळवंतभावोजी सोवळं नेसून पाटावर बसलेले असतील. यजमान दिसला म्हणजे झालं ना? पाच घरं जेवायला सांगू. बस." पाच घरांत नाइलाजानं काकांचंही घर होतं. सख्ख्या चुलत्याला वगळून पूजा करायची म्हणजे पुढची तीन वर्षं त्याचीच पूजा.

अक्षत द्यायला अर्थातच बळवंत. लक्ष्मीकांतानं पाच बोटं धरून पाच नावं त्याच्याकडून घोकून घेतली. बळवंत शनिवारी सकाळी वाटी घेऊन निघाला तो संध्याकाळी आला. वाटी रिकामी, पाय धुळीनं माखलेले, चेहरा खूश. "एवढा उशीर?" लक्ष्मीकांतानं विचारलं. "पाणी प्यायलो," बळवंत म्हणाला. ते खरंच होतं. फक्त किती घरचं, ते त्यानं सांगितलं नाही.

रविवारी पूजा झाली. पद्मानं वीस माणसांचा मसालेभात, कढी आणि बुंदी केली होती. पहिले आले जगदेवराव, फौजी वेळेवर. मग काका, कपाळाला आठ्या घालून. मग दोन कुटुंबं आली. मग चार. मग गोरखी मोहल्ल्याकडून एक मोठा घोळका आला, त्यात एक आजीबाई खुर्चीत बसवून आणलेल्या. मग महाराज बाड्याकडून टांगे यायला लागले. लक्ष्मीकांताला आधी वाटलं, जवळपास कुणाकडे लग्न आहे. मग वाटलं, कुणी गेलं. मग एका टांग्यातून त्याचे हेडक्लार्क सहकुटुंब उतरले आणि त्याच्या पायांखालची जमीन सरकली.

"वा, वा, लक्ष्मीकांतबाबू!" हेडक्लार्क म्हणाले. "काल बळवंत दारात आला. म्हणाला, 'रविवारी बळवंतरावांकडे जेवायला. सगळ्यांनी यायचं.' मी विचारलं, कोण बळवंतराव? तर म्हणाला, 'मी.' मग यायलाच पाहिजे की!"

गल्ली भरली. शांताताईंचं अंगण भरलं. दुकानाची पायरी भरली. आणि पातेल्यात वीस माणसांचा मसालेभात! लक्ष्मीकांताला दरदरून घाम फुटला. हात जोडून तो या घोळक्यातून त्या घोळक्यात पळू लागला. "माफ करा, चूक झाली हो. त्याला पाचच घरं सांगितली होती. त्याला समजलं नाही. तो असा आहे, आपल्याला माहीतच आहे..."

"मी काय सांगत होतो?" काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "पाच आणि पाचशेतला फरक कळत नाही, आणि हा म्हणे घर करणार!"

"दादा, चुप," बळवंत म्हणाला.

सोवळं नेसलेला बळवंत पाटावरून उठून आला होता. लक्ष्मीकांताला 'चुप' म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

"मला कळतं," बळवंत म्हणाला. शब्द नेहमीसारखे एकेक करून येत होते, पण आज ते मागे हटत नव्हते. "पाच सांगितलीस. मी सगळी दिली."

"अरे पण का?"

"सगळ्यांच्या लग्नाला मी बोलावलं. मुंजीला मी. बारशाला मी. माझं लग्न नाही. माझं काहीच नाही. हे आहे. मग एकदा माझ्या नावानं बोलावलं."

लक्ष्मीकांताचे जोडलेले हात तसेच राहिले. इतकी वर्षं आपण याला सांभाळतो, इतकी वर्षं याला काय कळतं आणि काय कळत नाही याचा हवाला जगाला देत फिरतो, आणि आत्ता भर गल्लीत याच्या वतीनं माफी मागत होतो. त्याला स्वतःची अशी शरम वाटली की सांगता सोय नाही. त्यानं हात खाली घेतले, पण लगेच परत जोडले आणि या खेपेला मोठ्यानं म्हणाला, "मंडळी, बसून घ्या. माझ्या भावाकडे जेवायला आलात, उपाशी कुणी जाणार नाही."

कसं जाणार नाही, ते त्याला मुळीच माहीत नव्हतं. पण गोरखीच्या आजीबाईंनी खुर्चीतूनच सुनेला हुकूम सोडला, "जा गं, आपल्या घरची पातेली उचलून आण. ज्याच्या पायांना आपल्या चार मुलांच्या लग्नात फोड आले, त्याच्या पंगतीला भात कमी पडतो म्हणजे काय?" मग काय विचारता! या घरचं वरण, त्या घरची भाजी, कुणाकडच्या पुऱ्या, कुणाच्या मुलीच्या सासरहून आलेले लाडू. पत्रावळींची तर ददातच नव्हती, दुकानच त्यांचं. जगदेवराव धरलेली कंबर विसरून गल्लीच्या मध्यावर उभे राहिले आणि पंगतींच्या रांगा लावू लागले. "उजवी बाजू, सरको! मुलांची पलटण पुढे!" वाढपी कमी पडले तेव्हा जो हाताशी सापडला त्याच्या हातात त्यांनी भांडं दिलं. काकांच्या हातात पाण्याची घागर आली. काका काही बोलायच्या आत चार ठिकाणांहून "काका, पाणी! इकडे पाणी!" अशा हाका उठल्या, आणि शिंद्यांच्या राज्यातला तो माजी अधिकारी घागर घेऊन छावणीच्या गल्लीत पंगतीला पाणी वाढू लागला.

बळवंत पंगतीतून फिरत होता. प्रत्येक पानापाशी थांबून, जरा वाकून म्हणत होता, "सावकाश होऊ द्या. संकोच नको." यजमानानं म्हणायचे शब्द. हजार पंगतींत त्यानं ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते.

दुसरी पंगत अर्ध्यावर आली तेव्हा लक्ष्मीकांताची नजर कोपऱ्यातल्या पानावर गेली आणि तिथंच खिळली. भदौरिया बाबू मांडी घालून कढी ओरपत होते.

"आप... निरीक्षण?" लक्ष्मीकांत चाचरला.

"अरे काहे का निरीक्षण! कल शाम ये हमारे घर पीले चावल रख गए." भदौरियांनी बळवंताकडे बोट केलं. त्यांच्यातही अक्षतीचं तेच, फक्त तांदूळ कुंकवाऐवजी हळदीचे म्हणायचे. "हमारे यहाँ पीले चावल आ जाएँ तो दुश्मन के घर भी जाना पड़ता है. वैसे अब आ ही गए हैं तो पूछ लेते हैं. इस घर का मुखिया कौन है?"

काकांनी घागर खाली ठेवली आणि तोंड उघडलं. पण जगदेवराव आधीच कडाडले, "वाह बाबूजी! जिसके यहाँ बैठके खा रहे हो, उसी गली में पूछते हो मुखिया कौन?"

अख्खी पंगत खो खो हसली. भदौरियाही हसले. "मोहर जब आएगी तब आएगी," ते बळवंताला म्हणाले. "कमरा आपका, बलवंतराव. थोड़ी बूँदी और दीजिए."

ऊन कलेपर्यंत पंगती चालल्या. मग बळवंत दाराशी उभा राहून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात विडा देत होता. काकांनाही दिला. काकांनी तो घेतला, बाहेर आले आणि लक्ष्मीकांताला म्हणाले, "अजून सांगतो, पस्तावेल तो."

"पस्तावू दे," लक्ष्मीकांत म्हणाला. "काका, आपण काय कमी वेळा पस्तावलो? म्हणून आपलं घर कुणी काढून घेतलं का? पस्तावायचा हक्क त्यालाही आहे. आणि आगीचं म्हणाल तर आमच्या घरात आजवर एकानंच आग लावली, तो मी." काका निघून गेले.

सगळे गेले. लक्ष्मीकांत मात्र खोलीतच घुटमळत होता. त्यानं गादी झटकली. माठावरची झाकणी काढली, परत ठेवली. "कोळसे ओले होऊ देऊ नकोस. ताप आला तर शांताताईंना सांग. परवा आमची गाडी आहे, त्याआधी मी एकदा येईन. किंवा असं करतो का, आजची रात्र मी इथंच..."

बळवंतानं त्याच्या कोपराला धरलं आणि हळूच दारापर्यंत आणलं. ताटातला शेवटचा विडा उचलून त्याच्या हातावर ठेवला.

"या हं, दादा," तो म्हणाला.

जन्मभर ज्याला हा 'ये' म्हणायचा, 'जा' म्हणायचा, त्याला आज 'या' म्हणाला. मग पाहुण्यानं म्हणायचं असतं तेच लक्ष्मीकांताच्या तोंडून आलं. "येतो."

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. लक्ष्मीकांत भर गल्लीत उभा राहिला आणि अर्ध्या राहिलेल्या मिशांवरून त्याच्या डोळ्यांतलं पाणी घळाघळा वाहायला लागलं.

"अहो, चला ना," पद्मा म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत," लक्ष्मीकांत म्हणाला. "विचारलं तर सांग त्यांना, माझ्या भावाच्या घरून आलोय मी. पोटभर जेवून."